बखर, अस्सल कागद आणि ग्राफिक्स कार्ड : सीताबर्डीच्या बाजारातला एक इतिहासधडा

१/
नागपूरची सीताबर्डी इतिहासाच्या पुस्तकांत येते ती २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांमुळे. आज त्याच टेकडीच्या पायथ्याशी बर्डीचा मेन रोड आहे, मोदी नंबर दोन, मोदी नंबर तीन अशा नावांच्या गल्ल्या आहेत आणि डोक्यावरून मेट्रो जाते. या धाग्याच्या एका तरुण वाचकाने विचारले, ‘‘दादा, घरच्यांनी मोजकेच पैसे दिले आहेत. गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड कोणते घेऊ?’’ प्रश्न इतिहासाच्या धाग्यावर यावा असा नाही, असे प्रथम वाटले. मग लक्षात आले की याचे उत्तर इतिहासाच्या अभ्यासकालाच चांगले देता येईल. म्हणून हा धागा.

२/
आधी एक कबुली. २०१५ साली मी बारावी उत्तीर्ण झालो तेव्हा बाबा मला बर्डीवर घेऊन गेले होते. जीटीए ५ नुकताच पीसीवर आला होता. दुकानदाराने खोका पुढे ठेवला आणि म्हणाला, ‘‘काकाजी, पूर्ण चार जीबीचं आहे. मुलाला पाच वर्षं बघायला नको.’’ खोक्यावर खरोखरच मोठ्या अक्षरांत ‘४ जीबी’ लिहिलेले होते. बाबांनी पाकीट उघडले. त्या रात्री खेळ सुरू झाला तो अडखळत, थांबत, चित्रांच्या मालिकेसारखा. बाबांनी दारातून विचारले, ‘‘चाललं ना?’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’

३/
दुकानदार खोटे बोलला नव्हता. खोक्यावर होते तेच त्याने सांगितले. चूक माझी होती. मी एकाच साधनावर, तेही हितसंबंधी माणसाने लिहिलेल्या साधनावर, विश्वास ठेवला होता.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरीतली हकिकत अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारायची नाही, हा त्यांचा आग्रह. बखर टाकाऊ नसते. पण ती कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिली हे विचारावे लागते. ग्राफिक्स कार्डाचा खोका ही बखर आहे. आत दडलेले तपशील हे अस्सल कागद. गेल्या चाळीस वर्षांत ही बखर कुठे कुठे फसवी ठरली, ते क्रमाने पाहू.

४/
सुरुवात १९८१ पासून. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा गिऱ्हाइकासमोर पडद्यासाठी दोन कार्डे होती. ‘एमडीए’ फक्त अक्षरे दाखवी, पण अतिशय रेखीव. ‘सीजीए’ चित्रे दाखवी, पण ३२० गुणिले २०० ठिपक्यांत आणि एका वेळी चारच रंगांत. म्हणजे पडद्यावर एकूण ६४,००० ठिपके. आजचा साधा फुल एचडी पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असतो, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सीजीएच्या बत्तीस पटींहून अधिक. आपले काम काय आहे ते आधी ठरवा, मग कार्ड निवडा, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे.

५/
१९८२ मध्ये ‘हर्क्युलीस’ हे कार्ड आले. त्याचा कर्ता व्हॅन सुवन्नुकुल हा थाई अभियंता. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि आयबीएमच्या कार्डांवर ते नीट साधत नव्हते. म्हणून त्याने ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांवर अक्षरे आणि चित्रे दोन्ही रेखीव दाखवणारे एकरंगी कार्ड घडवले. ते जगभर खपले.

आपल्या भाषेसाठी पडदा वाकवण्याची ही धडपड आपल्याकडेही झाली आणि तीही महाराष्ट्रात. ही गोष्ट मराठी तरुणांना फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

६/
त्या काळच्या पीसीत प्रत्येक अक्षराला पडद्यावर एक ठरावीक चौकट असे आणि अक्षरांच्या आकृत्या कार्डावरच्या चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या असत. जास्तीत जास्त २५६. रोमन लिपीला एवढे पुरते. देवनागरीत मात्र ‘कि’ची वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, ‘र्क’चा रफार डोक्यावर जातो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वेगळीच रूपे घेतात. एक अक्षर एका चौकटीत मावत नाही.

आयआयटी कानपूर येथे यावर काम सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तेथे पुढे गेले आणि त्यातून ‘जिस्ट’ कार्ड बाजारात आले.

७/
जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसवायचे. डॉसवरचा नेहमीचा प्रोग्रॅम आपली अक्षरे पाठवी. कार्ड त्या संकेतांवरून काना, मात्रा आणि जोडाक्षरे जुळवून पडद्यावर देवनागरी उमटवी. प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसे. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली याच प्रवाहातली. भारतीय मानक म्हणून ती १९९१ मध्ये नोंदली गेली.

म्हणजे खाचेत एक कार्ड बसवले की न दिसणारे काही दिसू लागते, हा अनुभव मराठी माणसाला आपल्या लिपीच्या रूपानेही मिळाला. आज हे काम सॉफ्टवेअर करते आणि जिस्ट कार्डाची गरज संपली. वेगळ्या कार्डाची गरज खरोखर आहे का, हा प्रश्न मात्र आजही लागू आहे. त्याकडे परत येऊ.

८/
याच सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. एकच प्रचंड प्रोसेसर वापरण्याऐवजी पुष्कळ छोटे प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून द्यायचे, हे त्याचे तत्त्व. ग्राफिक्स कार्डाचे तत्त्व हेच. पडद्यावरच्या वीस लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा आहे. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके. मुख्य प्रोसेसर हा मोजक्या, अत्यंत कुशल कारागिरांसारखा. ग्राफिक्स चिपमध्ये हजारो साधे मजूर असतात आणि ते एकाच वेळी एकच काम करतात. या एका फरकावर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

९/
१९९३ चा ‘डूम’ हा खेळ मुख्य प्रोसेसरच्याच बळावर चाले. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड आले आणि चित्र पालटले. गंमत अशी की व्हूडू फक्त त्रिमितीय चित्रे काढी. नेहमीच्या पडद्यासाठी दुसरे कार्ड लागेच आणि दोहोंना जोडणारी केबल बाहेरून लावावी लागे.

त्याच काळात एस३ कंपनीचे ‘व्हर्ज’ हे स्वस्त कार्डही ‘थ्रीडी’ म्हणून विकले जात होते. त्रिमितीय चित्रण वेगवान करण्याऐवजी ते कित्येकदा मंद करी. म्हणून लोकांनी त्याला ‘डीसेलरेटर’ असे नाव ठेवले. बखरीत ‘थ्रीडी’ लिहिले होते. ते शब्दशः खरेही होते.

१०/
व्हूडूचे साम्राज्य चार वर्षांत संपले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मुख्य मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले. ज्यांच्या संगणकात व्हूडू होते त्यांच्यासाठी नवे ड्रायव्हर काढणारे अधिकृत कोणी उरले नाही. कार्ड चालू होते, पण राज्य गेले होते.

यातला धडा जुने कार्ड घेताना उपयोगी पडतो. कार्ड किती वर्षांचे आहे यापेक्षा कंपनी त्यासाठी ड्रायव्हर किती काळ काढणार आहे, हे पाहावे. एनव्हिडियाने जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय, १०६० यांच्या पिढ्यांसाठी खेळांचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. आता त्यांना सुरक्षेपुरतीच दुरुस्ती मिळते. जुन्या बाजारात ही नावे अजून सन्मानाने घेतली जातात. घ्यायची तर हे जाणून घ्यावीत.

११/
१९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड ‘जगातला पहिला जीपीयू’ म्हणून विकले. कार्ड महत्त्वाचे होते यात शंका नाही. पूर्वी मुख्य प्रोसेसरवर पडणारे भूमितीचे आणि प्रकाशाचे गणित ते स्वतः करी. पण ‘जीपीयू’ हा शब्द सोनीने पाच वर्षे आधी, १९९४ मध्ये, प्लेस्टेशनच्या चिपसाठी वापरला होता. एनव्हिडियाने त्या शब्दाची व्याख्या आपल्या कार्डाला नेमकी बसेल अशी केली आणि त्या व्याख्येत आपले कार्ड पहिले ठरवले. राजघराण्यांच्या वंशावळी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ही पद्धत परिचयाची वाटेल.

१२/
आता स्वस्त कार्डांच्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण. २००१ चे जीफोर्स ३ ‘शेडर’ या नव्या पद्धतीचे होते. म्हणजे पाणी, धातू, सावल्या कशा दिसाव्यात याच्या सूचना खेळ लिहिणाऱ्याला स्वतः देता येत. २००२ मध्ये जीफोर्स ४ एमएक्स आले. नावात ‘४’. किंमत कमी. पण आतली रचना जीफोर्स २ च्या घराण्यातली, शेडर नाहीत. ज्याने ‘३ पेक्षा ४ मोठे’ असा हिशेब केला, त्याला काही नवे खेळ सुरूच करता आले नाहीत.

२००८ चे ९८०० जीटी हेही असेच : आत ८८०० जीटीचीच चिप. नवा किताब, जुनाच सरदार.

१३/
२००३ चे एफएक्स ५२०० याच्या उलट वाटेने फसवे ठरले. खोक्यावर ‘डायरेक्टएक्स ९ चालते’ असे लिहिले होते आणि ते खरे होते. पण ते चालवण्याइतका वेग त्या चिपमध्ये नव्हता. खेळ सुरू होई, पाहण्याजोगा राही नाही.

आज हेच ‘रे ट्रेसिंग’बाबत घडते. प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याची ही सुविधा स्वस्त कार्डांच्या खोक्यांवरही छापलेली असते. ती सुरू केली की चित्रांचा वेग कोसळतो. एखादी सुविधा ‘आहे’ आणि ती ‘वापरता येते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. कमी पैशांत कार्ड घेणाऱ्याने दुसऱ्याच विधानाचा पुरावा मागावा.

१४/
आता माझ्या ‘चार जीबी’कडे येऊ. ते जीटी ७३० होते. या एकाच नावाखाली किमान तीन वेगळी कार्डे विकली गेली : जुन्या रचनेचे ९६ कोरवाले, नव्या रचनेचे ३८४ कोरवाले पण डीडीआर३ मेमरीचे, आणि ३८४ कोरवाले जीडीडीआर५ मेमरीचे.

मेमरी म्हणजे गोदाम. चार जीबी हे गोदामाचे क्षेत्रफळ. पण माल किती वेगाने आतबाहेर होतो हे गोदामाच्या दारावर ठरते. त्या दाराच्या रुंदीला ‘बस’ म्हणतात. रुंदी बिटमध्ये मोजतात. तिला मेमरीच्या गतीने गुणून आठाने भागले की सेकंदाला किती जीबी माल जातो ते कळते.

१५/
माझे कार्ड ६४ बिटचे, डीडीआर३. गणित केले तर सेकंदाला १४.४ जीबी. त्याच नावाचे जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड अवघ्या एक जीबीचे, पण वहन सेकंदाला ४० जीबी. आणि थोडे अधिक पैसे घातले असते तर जीटीएक्स ७५० टीआय : दोन जीबीतही मिळे, वहन ८६.४ जीबी, आणि वीज अवघी ६० वॅट, म्हणून जुन्या संगणकातही चाले. माझ्या गोदामात जागा चौपट होती, पण दार खिडकीएवढे होते.

हे आकडे तेव्हाही जाहीर होते. अस्सल कागद उपलब्ध होता. मी तो उघडला नव्हता.

१६/
हा प्रकार एकट्या जीटी ७३० चा नव्हे. २०१७ चे जीटी १०३० जीडीडीआर५ मेमरीचे होते. वहन ४८ जीबी. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले, वहन १६.८ जीबी. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी कार्डात १२८० कोर होते, ३ जीबीच्या कार्डात ११५२. म्हणजे फरक केवळ मेमरीचा नव्हता. आरटीएक्स ३०५० च्या ८ जीबी कार्डात २५६० कोर आणि १२८ बिट बस आहे. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबी कार्डात २३०४ कोर आणि ९६ बिट.

दुकानात म्हणूनच कधीही अर्धे नाव घेऊ नये. पूर्ण नाव, मेमरी किती, मेमरी कोणती, बस किती, ही चारही उत्तरे बिलावर येण्याआधी हवीत.

१७/
आता टेकडीकडे. १८१७ च्या त्या रात्री कंपनीची दीड हजारांच्या आतली फौज सीताबर्डीच्या दोन उंचवट्यांवर होती. एक मोठा, एक लहान. समोर आप्पासाहेब भोसल्यांचे कितीतरी पट सैन्य. २७ च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळली. मोठी टेकडी अभेद्य होती, तरी लहान टेकडी पडताच तिची अवस्था बिकट झाली. पुढे कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाचा हल्ला, लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट आणि ती परत कंपनीच्या हाती, असा तो दिवस उलटला.

संगणकातही लहान टेकडी पाहावी लागते. बहुतेकांचे पैसे तेथेच वाया जातात.

१८/
पहिली लहान टेकडी : मदरबोर्डची खाच. जानेवारी २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त म्हणून आले. पण ते खाचेच्या सोळापैकी चारच मार्गिका वापरते. नव्या, चौथ्या पिढीच्या खाचेत ते भागून जाते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि मेमरी अवघी ४ जीबी असल्याने ती भरली की कार्ड गुदमरते. स्वस्त कार्ड कोण घेतो? ज्याचा संगणक जुना आहे तोच. म्हणजे ज्याच्यासाठी ते बनवले असे वाटते, त्यालाच ते सर्वांत कमी उपयोगी.

दुसरी टेकडी : मुख्य प्रोसेसर. दहा वर्षांच्या प्रोसेसरशेजारी महाग कार्ड बसवले तर ते कामाची वाट पाहत बसते.

१९/
तिसरी टेकडी : वीज. आपल्याकडे जिला ‘एसएमपीएस’ म्हणतात ती पेटी. कॅबिनेटसोबत मिळालेल्या स्वस्त पेटीवर ‘४५० वॅट’ छापलेले असते, तीही बखरच. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. त्यापेक्षा जास्त लागणाऱ्या कार्डाला पेटीतून वेगळी केबल लागते. चांगल्या पेटीसाठी पैसे नसतील तर ७५ वॅटच्या आतले कार्ड घेणे शहाणपणाचे.

चौथी टेकडी नागपूरकरांनी विसरू नये : ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपुढे जातो, खोलीत कूलर चालतो आणि त्याची दमट हवा धुळीसह कॅबिनेटमध्ये शिरते. एकाऐवजी दोन पंख्यांचे कार्ड, कूलरच्या झोतापासून दूर ठेवलेले कॅबिनेट आणि दर दोन महिन्यांनी सफाई, यांचे मोल विदर्भात अधिक आहे.

२०/
किमतीचाही इतिहास आहे. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी लोकांनी ग्राफिक्स कार्डे घाऊक विकत घेतली. दुसऱ्या वेळी कोविडमुळे चिपांचा तुटवडाही होता. खेळणाऱ्याला कार्ड मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली, खाणकाम संपले आणि वापरलेली कार्डे जुन्या बाजारात आली.

त्याआधी २०१२ मध्ये ‘ॲलेक्सनेट’ नावाची चित्रे ओळखणारी प्रणाली खेळांसाठीच्याच दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवली गेली होती. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तेथून उसळली. आता मेमरी आणि चिपांसाठी आपली स्पर्धा प्रचंड डेटा सेंटरांशी आहे. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले ते त्यामुळेच. ‘थांबलो की स्वस्त होईल’ हा जुना नियम नेहमी खरा ठरतोच असे नाही.

२१/
परदेशी चित्रफितीत ऐकलेली किंमत आणि बर्डीवरची किंमत यांत फरक दिसला की दुकानदाराने लुटले असे वाटते. हिशेब पाहू. अमेरिकेत जाहीर होणारी किंमत करपूर्व असते. समजा कार्ड २५० डॉलरचे आणि डॉलर ८५ रुपयांचा. झाले २१,२५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,८२५ रुपये. एकूण २५,०७५. यात वाहतूक, आयातदार आणि दुकानदार यांचा वाटा अजून धरलेला नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, ऑनलाइन दुकाने आणि बर्डी असे चार भाव लिहून घ्यावेत आणि मगच घासाघीस करावी. शे-पाचशे जास्त गेले तरी वॉरंटीसाठी जाता येईल असे माणूस गावात असणे, यालाही किंमत आहे.

२२/
जुने कार्ड घ्यावे का? घ्यावे, पण साधनचिकित्सा करून. जुनी चिप घेऊन तिच्यातली अंतर्गत नोंद बदलायची आणि नव्या नावाने विकायची, असे बनावट धंदे झाले आहेत. जीटीएस ४५० हे २०१० चे कार्ड जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवले गेले. ‘जीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रॅमने २०१८ मध्ये अशी तोतयी कार्डे ओळखण्याची सोयच करून दिली. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता. येथे तोतया ओळखायला दहा मिनिटे पुरतात.

विकणाऱ्याच्या घरी जा. कार्ड त्याच्या संगणकात चालू असताना अर्धा तास खेळ चालवा. तापमान, पंख्याचा आवाज, पडद्यावरचे विचित्र ठिपके पाहा. मूळ बिल आणि अनुक्रमांक जुळवा. नकार मिळाला तर उठा.

२३/
आता निवडीचा क्रम.

पहिला प्रश्न : वेगळे कार्ड हवेच का? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारखे खेळ आजच्या चांगल्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवरही चालतात. जिस्ट कार्डाची गरज जशी संपली, तशी काहींची वेगळ्या कार्डाची गरजही संपली आहे.

दुसरा : पडदा कोणता? फुल एचडी असेल तर त्यापुरतेच कार्ड घ्या. १४४० रेषांच्या पडद्याला पावणेदोन पट ठिपके लागतात, फोर-केला चौपट.

तिसरा : मेमरी. नवे मोठे खेळ फुल एचडीवर खेळायचे तर आज ८ जीबी ही किमान पातळी समजा. चार-पाच वर्षे टिकवायचे असेल आणि पैसे थोडे वाढवता येत असतील तर १२ किंवा १६.

२४/
नावे हवीच असतील तर पायऱ्या अशा. जुना संगणक, कमकुवत एसएमपीएस, वेगळी केबल नाही : आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी कार्ड, ७० वॅट, त्याच्या मर्यादा वर सांगितल्या. थोडी ऐपत आणि जुन्याची तयारी : २०२१ चे आरएक्स ६६००, ८ जीबी. त्यापुढे नवे : इंटेलचे आर्क बी५८०, १२ जीबी, मात्र ते जुन्या प्रोसेसरसोबत घेऊ नये, तेथे त्याचा वेग घटतो. आणखी वर : आरएक्स ९०६० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०६०. यांतील पहिले ८ आणि १६ अशा दोन्ही मेमरींत येते. नाव तेच, आयुष्य वेगळे.

ही यादी वर्षभरात शिळी होईल. क्रम आणि प्रश्न शिळे होणार नाहीत.

२५/
आणि शेवटची पायरी : तुम्ही जो खेळ खेळणार आहात, त्याच खेळाची, त्याच कार्डावरची, तुमच्यासारख्याच प्रोसेसरसोबतची स्वतंत्र चाचणी शोधा. एक नव्हे, तीन. परस्परांशी संबंध नसलेल्या तीन साधनांत एकच गोष्ट आढळली तर ती मानायची, हा नियम तुम्ही मोडी पत्रांना लावता. तोच येथे लावा. कार्ड फुकट मिळालेल्या माणसाची एकट्याची स्तुती ही दरबारी कवीची स्तुती समजावी.

२६/
सीताबर्डीच्या लढाईची जी तपशीलवार वर्णने सर्वत्र उद्धृत होतात ती मुख्यतः कंपनीच्या अधिकाऱ्यांची आहेत. भोसल्यांच्या बाजूने तो दिवस कसा दिसला हे आपल्याला फार कमी ऐकू येते. जिंकणाऱ्याने लिहिलेले वाचताना आपण सावध राहायला शिकलो, तर विकणाऱ्याने लिहिलेले वाचताना का राहू नये?

त्या वाचकाने दोन आठवड्यांनी कळवले. तो वडिलांना घेऊन बर्डीवर गेला, कागदावर चार प्रश्न लिहून. तिसऱ्या दुकानात चारही उत्तरे मिळाली. खोक्यावरची बस दुकानदाराने त्याच्यासोबतच पहिल्यांदा वाचली.

माझे जीटी ७३० अजून कपाटात आहे. बाबांना खरे काय ते मी गेल्या दिवाळीत सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मला तेव्हाच कळलं होतं. आवाज थांबून थांबून येत होता.’’

धागा समाप्त. तुमच्या घरी असे कोणते कार्ड पडून असेल तर त्याचे पूर्ण नाव, मेमरी आणि बस खाली लिहा. अस्सल कागद एकत्र वाचू.